आधी जुनं काढा

"दहा झाले," रेहाना म्हणाली. "अकरावं कोण?"

"अक्काताई बिराजदार. सांगलीच्या."

"मग लाव की फोन."

"सकाळपासून सहा वेळा लावला. वाजतो, पण उचलत नाहीत."

रेहानाने पेन्सिल खाली ठेवली. "उचलत नाहीत, की उचलता येत नाही?"

उत्तर मला ठाऊक होतं. मंगळवारची दुपार होती. शनिवारपासून चार दिवस मी फोनवर एकच वाक्य ऐकत होतो, "दाबके सर, फोनमधली बाई बोलेना." हे सांगायलाही त्या माणसांना दुसऱ्याचा फोन मागून घ्यावा लागला होता.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. रेहाना इनामदार आणि मी तेव्हा पुण्यात नाना पेठेत, तिच्या घराच्या पुढच्या खोलीत एक दुकान चालवत होतो. दुकान म्हणजे फोनमधलं, ॲपचं. मोठ्या कंपनीचं दुकान फोनबरोबर आयतंच येतं. त्याला पर्याय म्हणून फुकटातली, जाहिराती नसलेली, कुणावर पाळत न ठेवणारी ॲप्स देणारं आमचं हे दुकान. नाव 'मोकळीक'. कमाई शून्य आणि उत्साह उतू जाणारा. रेहाना दुकान सांभाळायची आणि मी त्यात ठेवायला 'साद' नावाचा आवाज बनवला होता. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा मराठी आवाज. आधी त्यांच्या फोनमध्ये जो आवाज यायचा तो 'विठ्ठल'चं 'व्हायटल' करायचा. माझा आवाज करत नव्हता, एवढीच त्याची थोरवी.

सांगलीला एका शिबिरात मी तो अकरा जणांच्या फोनमध्ये स्वतःच्या हाताने घातला. फोन स्वस्तातले, जागा जेमतेम, म्हणून आधीचा इंग्रजी आवाज मी काढूनही टाकला. लोक खूश झाले. मग आवाजात काही बारीकसारीक दुरुस्ती केली की मी पाठीला लॅपटॉप लावून एसटीने निघायचो. सांगली, मग मिरज, मग पार सांगोल्यापर्यंत. दीड वर्षात माझ्या नाकी नऊ आले. तेव्हा ठरवलं की 'साद' आता मोकळीकमध्ये ठेवायचा. त्यांच्या फोनमध्ये ते होतंच; दुकानच सगळ्यांना कळवेल, ज्याचं तो नवं घेईल आणि मला घरी झोपता येईल.

आता यात दोन मेखा होत्या. मोठ्या दुकानातलं ॲप मालक झोपेत असतानाही आपोआप नवं होतं. आमच्यासारख्या बाहेरच्या दुकानाला तेव्हा फोन ती मुभा देत नसे. नवं आलंय एवढं सांगायचं आणि दारात उभं राहायचं, बटण माणसानेच दाबायचं. दुसरी मेख सहीची. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची आकड्यांची सही असते. मी हाताने घातलेल्या ॲपवर माझी सही होती आणि दुकानातल्यावर दुकानाची. सही जुळली नाही की फोन जुन्यावर नवं चढू देत नाही. आधी जुनं पुरतं काढायचं, मग नवं घ्यायचं. म्हणजे दोन बटणं. मी शुक्रवारी पाच वाजता सगळ्यांच्या फोनवर तशी सूचना पाठवली, 'आधी जुनं काढा. मग नवं घ्या,' आणि शनिवारी चांगला नऊपर्यंत झोपलो.

पहिलं बटण आवाज वाचून दाखवणार होता. ते दाबलं की आवाजच जाणार होता. दुसरं बटण वाचायला मागे कुणी उरणार नव्हतं.

"तू हे तपासलं कसं होतंस?" रेहानाने तेव्हा विचारलं.

"नेहमीसारखं. दोनदा करून बघितलं."

"डोळे उघडे ठेवून?"

मी लॅपटॉप मिटला. दहा जणांच्या घरात कुणी ना कुणी डोळस होतं. त्यांना फोनवर सांगून मी बटण दाबून घेतलं. अक्काताई एकट्या राहत होत्या.

"जाऊन ये," रेहाना म्हणाली. "उंटावरून शेळ्या पुष्कळ हाकल्यास."

बुधवारी पहाटेची एसटी पकडली आणि साडेअकराला सांगलीत उतरलो. गावभागात आवटींच्या घरी माडीवरच्या खोलीत अक्काताई राहायच्या. खाली आवटीकाकू गहू निवडत बसल्या होत्या.

"वर आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही फोनवाले का? चार्जर बिघडलाय म्हणत होत्या. आता त्यांचे भाऊ पण येतायत एकच्या गाडीनं. काल हे बाजारात असताना ह्यांना फोन आला होता त्यांचा; बऱ्या आहेत म्हणून सांगितलं, पण केवढे घाबरले होते, पटेचना."

मी माडी चढलो. अक्काताई खोलीच्या मधोमध बसून खुर्ची विणत होत्या. कोर्टाच्या आवारातल्या कुण्या वकिलाची जुनी, दणकट खुर्ची. पाण्यात भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या शेजारच्या घमेल्यात होत्या. मिरजेच्या अंधशाळेत त्या हे काम शिकल्या आणि त्यावरच जगत होत्या. वय सत्तेचाळीस, अंगाने किरकोळ, पण बोटं अशी, की वेत ओढला की खुर्ची कुरकुरायची.

"दाबके सर," मी दारात काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या.

"कसं ओळखलंत?"

"जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून दम खाता तुम्ही. शिबिरात पण खायचा. बसा. आणि आधी सांगा, तुमच्या बाईला काय झालं? शुक्रवारी रात्री म्हणाली, आधी जुनं काढा. मी काढलं. मग जी मुकी झाली ती झालीच. म्हटलं सासरी गेली का काय."

मी हसलो नाही. म्हटलं, "माझी चूक झाली, अक्काताई."

"ते मागनं बघू. आधी ती बोलती करा. अण्णा यायच्या आत."

त्यांनी पोलक्यातून फोन काढून दिला. मी उघडला. पडद्यावर मोकळीक उघडंच होतं आणि खाली, मधोमध, निळं बटण होतं, 'नवं घ्या'. चार दिवस ते तिथेच होतं.

"कुठंशी हाय ते?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून तिथे नेलं. काचेवर त्यांनी ते ठेवलं आणि तसंच थोडा वेळ राहू दिलं.

"मी हितनं चार बोटं वर चाचपत होते," त्या म्हणाल्या. "आणि लई जोरात दाबायची पण भीती. भलतंच काय दाबलं आणि अण्णाचा नंबरच पुसला गेला तर? पाठ न्हाई मला तो."

"काकूंना का नाही दाखवलात?"

त्यांनी वेताची पट्टी दातात धरून ओढली, खोचली, मग बोलल्या.

"ऐका सर. आई गेल्यावर सात महिने मी अण्णाच्या घरात होते. कुणी वाईट न्हाई तिथं. 'बस गं, पडशील.' 'ऱ्हाऊ दे गं, भाजशील.' सकाळी खाटेवर बसवायचे, रात्री खाटेवर निजवायचे. सात महिन्यात मी एक कपबशी विसळली न्हाई. मग म्हणाले, मी सांगलीला ऱ्हाते, माझं काम करते. अण्णा महिनाभर बोलला न्हाई माझ्याशी. शेवटी आला, ही खोली बघितली, आवटीकाकांना शब्द दिला. काका म्हणाले, एकटी बाई, त्यात दिसत न्हाई, तुमच्या शब्दावर देतो. अण्णानं मला एकच अट घातली. रोज संध्याकाळी सातला फोन. एक दिवस चुकला तरी मी येऊन घिऊन जाणार."

"आणि चार दिवस चुकला."

"चार. तो लावायचा, हिकडं वाजायचा, मी काचेवर बोटं फिरवत बसायचे. वाजून वाजून थांबायचा. काकूंना दाखवलं असतं तर सांजच्याला काकांना कळलं असतं, की हिला फोनसुदिक उचलता येत न्हाई." त्या माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "आठ महिने झाले मला हितं. भाजी मी आणते, दळण मी आणते. कोर्टापर्यंत पावलं मोजलेली हायेत माझी. हे जाऊ द्यायचं न्हाई मला."

मी बटण दाबलं. आवाज उतरायला पाच-सात मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला आणि मला पढवायला घेतलं.

"अण्णाला सांगायचं, चार्जर बिघडला होता. तुम्ही दुरुस्तीवाले."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं कुठलं? वायर वाकडी धरल्याशिवाय चार्ज होतच न्हाई हा. निम्मं खरंच हाय. निम्म्याची लाज तुम्ही नका बाळगू, ते माझ्याकडं लागलं."

फोन बोलला. 'साद चालू झाला आहे,' असं माझ्याच ॲपमधली बाई माझ्याच शब्दांत म्हणाली. अक्काताईंनी चहाचं भांडं उतरवलं, हात पदराला पुसले आणि फोन दोन्ही हातांनी धरला. बोट वर सरकवत, खाली सरकवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. न उचललेले फोन, अण्णा बावीस, दाबके सर सहा. बावीस ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा उतरलं.

"लई घाबरला असंल," त्या म्हणाल्या.

शिवगोंडाअण्णा एकच्या गाडीने आला. जतच्या पुढून, अडीच तास उभ्याने. पन्नाशीचा, उंच, उन्हाने करपलेला माणूस. खांद्याला पिशवी, त्यात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दारात उभा राहून त्याने बहिणीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग भिंतीला टेकून खालीच बसला.

"हाईस," तो म्हणाला.

"हाय की. कुठं जाणाराय?"

"बावीस येळा फोन लावला मी. चार दिस घास उतरला न्हाई. म्हटलं जिन्यावरनं पडली का, गाडीखाली गावली का. वहिनी तुझी देवाला नवस बोलून बसलीया."

"चार्जर बिघडला होता, अण्णा. हे बगा, दाबके सर पुण्यासनं आल्यात दुरुस्तीला. झाला नीट." त्यांनी फोन दाखवला, बाईला बोलायला लावलं. 'अण्णा. फोन लावा.' अण्णाच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो काढून पाहिला, बंद केला, आणि त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

चहा झाला. अण्णाने सोबतची भाकरी मोडली, मलाही दिली. तेवढ्यात काकू वर आल्या, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. सगळं मार्गाला लागलं होतं. अण्णा साडेतीनच्या गाडीने परत जाणार होता, तो स्वतःच म्हणाला तसं. पण चार दिवसांची भीती पोटात होती, ती कुठून तरी बाहेर पडायलाच हवी होती. भीती गेली की माणूस रागावतो.

"चार्जर सांभाळता यीना व्हय गं तुला?" त्याने सुरू केलं. "एवढीशी वायर. ती बिघडली तर खाली जाऊन काकूंचा फोन मागायचा. तेवढी अक्कल न्हाई? आणि म्हनं एकटी ऱ्हाती. लोक काय म्हणत्याल, आंधळ्या बहिणीला सोडलं वाऱ्यावर. तुला कशाचं काय पडलंय? तुझा हेका झाला की बास."

अक्काताई मान खाली घालून वेत ओढत होत्या.

"घरात नगं म्हंतीस, हितं नीट ऱ्हाता यीना. बेफिकीर हाईस तू. पयल्यापासनं बेफिकीर."

बेफिकीर. जी बाई पावलं मोजून कोर्टापर्यंत जाते, ती बेफिकीर. मला सहन होईना. माझ्या चुकीची बोलणी ती बाई निमूट खात होती आणि मी तिच्यासाठीच आलेली भाकरी मोडत बसलो होतो. मी म्हणालो, "अण्णा, त्यांची काही चूक नाही. चूक माझी आहे."

वेत ओढायचा थांबला.

"सर," अक्काताई म्हणाल्या. फक्त एवढंच.

पण मी सुटलो होतो. सगळं सांगितलं. आवाज मी बनवला, नवा दुकानात ठेवला, सही जुळत नव्हती म्हणून जुना काढायला सांगितला, आणि तो काढला की दुसरं बटण ऐकूच येणार नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांनी अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं. बोलता बोलता छातीवरचा दगड उतरत होता. चार दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला.

अण्णाने शांतपणे ऐकून घेतलं. रागाचा मागमूस उरला नाही. तो राग असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे," तो हळू म्हणाला, "चार्जर न्हवं."

"नाही."

"तुमी तिकडं पुण्यात बसून कायतरी केलंत, आणि हिकडं हिचा फोन मुका झाला. हिला दिसत न्हाई, आणि फोनबी बोलत न्हाई. चार दिस. आणि हे कुनाला कळलं न्हाई."

"मला कळलं तसा मी..."

"तुमी आलात चार दिसांनी. त्या चार दिसात हिला काय झालं असतं तर?" त्याने आवाज चढवला नव्हता. "मला येक सांगा साहेब. तुमी शिकलेली मानसं, आमाला त्यातलं कळत न्हाई. हे परत हुईल का?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. एक शब्द. पण आमच्या धंद्यात एक सवय हाडामाशी भिनलेली असते. कशाचीही खात्री द्यायची नाही. मी तेव्हा ती सवय म्हणजे प्रामाणिकपणाच समजत होतो.

"आम्ही काळजी घेऊच," मी म्हणालो. "पण पुन्हा कधीच होणार नाही असं शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही."

अण्णाने मान हलवली. त्याला पटलं होतं. माझं बोलणं कुणाला इतकं पटल्याचं मला आठवत नाही.

"आवर," तो बहिणीला म्हणाला.

"मी न्हाई येणार, अण्णा."

"अक्का, आवर. साडेतीनची गाडी हाय."

"मी न्हाई येणार म्हटलं ना. आवटीकाकांचं भाडं मी भरते. खोली माझी हाय."

अण्णाने काकूंकडे पाहिलं. "काकू, काकांना सांगा, मी माझा शब्द माघारी घेतला. उद्या काय बरंवाईट झालं तर माझ्याकडं बोट दावू नका."

काकू गडबडल्या. वाईट बाई नव्हती ती. "अहो, असं कसं... तुमच्या शब्दावरच दिली होती ना खोली. आम्ही दोघं म्हातारी माणसं, आमच्यावर जबाबदारी नको बाई. अक्काताई, राग मानू नका. आणि चार दिवस माझ्या घरात असं चाललं होतं आणि मला पत्ता नाही, ह्यानंच माझा जीव खालीवर झालाय."

"अण्णा, मी तुम्हाला लिहून देतो," मी मध्येच म्हणालो. "मी स्वतः दर आठवड्याला येईन."

"तुमी नगा त्रास घिऊ," अण्णा म्हणाला, आणि तो खरंच मनापासून म्हणाला. "तुमी खरं बोलला, लई उपकार झालं. न्हाईतर मी गेलोच असतो बगा माघारी."

अक्काताई खुर्चीकडे वळल्या. मग विणत होत्या ती ओळ त्यांनी पुरी केली, टोक खोचलं, कापलं. उठून ट्रंक ओढली. सामान काय असणार? दोन लुगडी, स्टोव्ह, चार भांडी, हत्यारांची पिशवी. खुर्ची अर्धी राहिली होती, ती वकिलाला पोचवायचं काकूंनी कबूल केलं.

स्टँडवर अण्णा तिकिटाच्या चौकशीला गेला. अक्काताई बाकावर बसल्या होत्या, मी शेजारी हत्यारांची पिशवी धरून उभा.

"अक्काताई," मी म्हणालो, "तुमच्यावर उगाच आळ येत होता. मला ऐकवलं नाही."

"आळ कुणावर होता?"

"तुमच्यावर."

"मग मला चालला होता ना तो? मी घेतला होता तो अंगावर, चांगला ठरवून. अण्णाचं बोलणं मला काय नवं हाय? अर्धा तास बोलला असता, दमला असता, चटणीची पिशवी ठेवून गेला असता. झाकली मूठ होती माझी, सर. तुम्ही उघडलीत."

"मला वाटलं, तुमची बाजू..."

"माझी बाजू मी सांगितली होती तुम्हाला. चहा ठेवताना." आसपास गाड्यांचे, कंडक्टरांचे आवाज होते आणि त्या दमल्या होत्या, मला कळत होतं. "एक विचारू? सांगून टाकल्यावर तुम्हाला हलकं वाटलं का?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"वाटलं असणार," त्या म्हणाल्या. "तुमचा श्वासच तसा झाला होता. मी ऐकला की."

गाडी लागली. अण्णाने अक्काताईंचा हात धरून त्यांना पायरीवर चढवलं. पायरी कुठे आहे हे त्यांना त्याच्यापेक्षा चांगलं कळत होतं, पण त्यांनी हात सोडवला नाही. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला हाक मारली नाही की निरोप घेतला नाही. अण्णाने मात्र खिडकीतून हात जोडले.

पुण्यात आल्यावर आम्ही दुकानात नियमच केला. आवाजाचं कुठलंही ॲप आधी डोळ्यांवर फडकं बांधून तपासायचं, आणि नवं आत गेल्याशिवाय जुनं काढायचं नाही. त्यासाठी 'साद'ला मी वेगळ्या नावाने पुन्हा बनवलं, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी नांदतील आणि सहीची भानगडच उरणार नाही. पाच दिवसांचं काम होतं. आधीच केलं असतं तर पाचच दिवस गेले असते. पुढे बऱ्याच लोकांनी तो आवाज वापरला, अजून वापरतात. लोक कौतुक करतात तेव्हा मी विषय बदलतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी अक्काताईंना फोन लावला. मनाला पुष्कळ दिवस तयार करावं लागलं. चौथ्या रिंगला उचलला गेला, पण आवाज त्यांचा नव्हता.

"कोन?" एका बाईने विचारलं.

मी नाव सांगितलं. त्या वहिनी होत्या.

"हां, फोनवालं साहेब! अवो, ह्यो फोन आता माझ्याकडंच असतुया. अक्काला काय करायचाय? त्या घरातच असत्यात. कुनाला लावनार? थांबा, दिती."

बराच वेळ काही नाही. कुणीतरी 'धर, असा धर, हां' म्हणालं. मग ओळखीचा श्वास.

"सर."

"कशा आहात, अक्काताई?"

"बरी हाय. सगळं जागेवर मिळतंय. पाणी मिळतंय, भाकरी मिळतीया." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाईला काढून टाकलं ह्यांनी. हात लावंल तिथं बोलती म्हणून सगळ्यांना वैताग यायचा."

"मी येतो," मी घाईने म्हणालो. "पुढच्या रविवारी येतो. नवा आवाज आहे, आता काही बिघडत नाही. अण्णांशी बोलतो. खुर्च्यांचं कामही सांगलीहून तिकडे पाठवता येईल. मी समजावून सांगतो त्यांना सगळं."

त्या हसल्या. पूर्वीसारख्या नाही, पण हसल्या.

"नको सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात की खरं बोलता."